विजेची मोटार : काटकसर आणि थाट

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आमच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. गुजरातेत साणंद व हालोल येथे तयार झालेल्या नव्या मोटारी मोठमोठ्या ट्रेलरवर चढून मुंबईकडे निघतात, त्या ह्याच रस्त्याने. त्यांतल्या काहींना आता धुराची नळी नसते. त्या विजेवर चालतात. विजेच्या मोटारीविषयी आपल्याकडे सहसा दोनच तऱ्हेने बोलले जाते. कुणी म्हणतो, प्रदूषणावर हाच रामबाण. कुणी म्हणतो, हे पैसेवाल्यांचे खेळणे. प्रस्तुत लेखात त्या वादात शिरायचे नाही. मी कला शाखेचा, त्यातही अर्थशास्त्राचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण ही मोटार घडवणाऱ्यापुढे जो पेच उभा असतो तो मुळात अर्थशास्त्राचाच आहे, असे वाचता वाचता ध्यानात आले. गाडी स्वस्त तर झाली पाहिजे, आणि घेणाऱ्याला आपण काही स्वस्तातले घेतले असे वाटताही कामा नये. ह्या दोहोंची सांगड घालताना कात्री कुठे चालवायची आणि पैसा कुठे ओतायचा? आणि कात्री चालवून जो पैसा वाचला असे म्हणतात, तो खरोखर वाचतो की दुसऱ्याच कुणाच्या खिशातून जातो?

ह्या पेचाचा आपल्या देशातला सर्वांत मोठा धडा एका पेट्रोलच्या मोटारीने दिला आहे. टाटांची नॅनो १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात जगापुढे आली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे उद्घाटन झाले. स्कूटरवर नवराबायको आणि मुले पावसात भिजत चाललेली पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एरवी गाडी आधी तयार होते आणि किंमत मागून ठरते. इथे किंमत आधी ठरली, एक लाख रुपये, आणि त्या किमतीत बसेल अशी गाडी पुण्याच्या अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडवली. काचेवर दोनाऐवजी एकच वायपर. चाकाला चाराऐवजी तीनच नट. बाहेरचा आरसा फक्त चालकाच्या बाजूला. डिकी बाहेरून उघडतच नाही. सामान आतून, मागच्या सीटवरून ठेवायचे. पेट्रोल भरायचे तर पुढचे झाकण उघडायचे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ह्यातली प्रत्येक काटकसर विचारपूर्वक केलेली होती. एवढ्या हलक्या गाडीला तीन नट पुरतात, म्हणून तीनच लावले.

तरीही गाडी चालली नाही. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये साणंदला हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली. परंतु खरे कारण वेगळेच होते, आणि पुढे खुद्द रतन टाटांनीही ते बोलून दाखवले : 'सर्वांत स्वस्त मोटार' हा जो शिक्का तिच्यावर बसला, त्याने तिचा घात केला. ज्याच्यासाठी ती बनवली तो स्कूटरवाला तिच्याकडे फिरकला नाही. त्याने आणखी दोन वर्षे पैसे साठवले आणि जुनी का होईना, पण 'खरी' मोटार घेतली. २०१५ साली नॅनोला उघडणारी डिकी मिळाली, पण तोवर वेळ निघून गेली होती. २०१८ साली उत्पादन थांबले.

ह्या गोष्टीचे शहरातल्या लोकांना नवल वाटते, आम्हांला वाटत नाही. आमच्याकडे लग्नासाठी गाडी भाड्याने ठरवताना लोक आधी भाडे विचारतात हे खरे, पण लगेच गाडीचा रंगही विचारतात. पैसा कमी असलेल्या माणसाला स्वस्त वस्तू हवी असते; ती 'गरिबांची वस्तू' म्हणून दिलेली मात्र नको असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीचा नियम शिकताना किंमत उतरली की मागणी वाढते असे आपण लिहितो. नॅनोच्या बाबतीत उतरलेल्या किमतीचाच डांगोरा पिटला गेला आणि मागणी रोडावली. मोटार ही वाहन आहे तशी प्रतिष्ठाही आहे, हे तो नियम लिहिताना गृहीत धरलेले नसते.

आता विजेच्या मोटारीकडे वळू. नॅनोसाठी उभारलेल्या त्याच साणंदच्या कारखान्यात आज टाटांची विजेवर चालणारी टियागो तयार होते. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ती आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार रुपये होती. नॅनोच्या आठपट किंमत, आणि तरीही ती देशातल्या स्वस्तातल्या विजेच्या मोटारींत मोडत होती! असे का, हे समजण्यासाठी बॅटरीचा हिशेब पाहावा लागतो.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात. नाव अवघड असले तरी वस्तू घरातलीच आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. ब्लूमबर्गच्या ऊर्जाविषयक संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२४ साली एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीची जागतिक सरासरी किंमत ११५ डॉलर, म्हणजे ढोबळमानाने साडेनऊ-दहा हजार रुपये होती. (२०१० साली ती हजार डॉलरच्याही वर होती.) हालोलला होणारी एमजी कंपनीची चिमुकली कॉमेट १७.३ युनिटांची बॅटरी बाळगते : पावणेदोन लाखांच्या आसपास. महिंद्रांच्या बीई ६ ह्या गाडीची लहान बॅटरी ५९ युनिटांची : साडेपाच-सहा लाख. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० ही १०७.८ युनिटांची : दहा-साडेदहा लाख. आता किमती पाहा. कॉमेट २०२३ साली आली तेव्हा सुमारे ८ लाखांना, बीई ६ सुरुवातीला १८ लाख ९० हजारांना, आणि ईक्यूएस २०२२ साली १ कोटी ५५ लाखांना. म्हणजे पहिल्या दोन गाड्यांत किमतीचा पाचवा ते तिसरा हिस्सा एकट्या बॅटरीने खाल्ला. कोटीच्या गाडीत मात्र ती पंधराव्या हिश्शात आटोपली. हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून एक गोष्ट उघड होते. महाग गाडीत बॅटरीचा खर्च पचून जातो. स्वस्त गाडीत नाकापेक्षा मोती जड होतो.

अमेरिकेतल्या टेस्लाने म्हणूनच वरून सुरुवात केली. २००८ साली श्रीमंतांसाठी दोन आसनांची शर्यतीच्या थाटाची गाडी, २०१२ साली मोठी आलिशान गाडी, आणि त्यानंतर २०१७ साली जरा आवाक्यातली. आपल्याकडे उलटे झाले. बंगळूरच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ साली आली ती अगदी तळातून : दोन दरवाजे, प्लॅस्टिकचे अंग, ट्रकमध्ये असते त्या जातीची शिशाची बॅटरी आणि एका भरणीत जेमतेम ८० किलोमीटर. लंडनमध्ये तिचे कौतुक झाले, कारण तिथे शहराच्या मध्यभागी शिरायचा कर तिला माफ होता. भारतात ती कुतूहलाची वस्तू राहिली. २०१० साली महिंद्रांनी ती कंपनी ताब्यात घेतली, २०१३ साली तिची नवी आवृत्ती काढली, तरी विक्री बेताचीच. जे थोडे लोक विजेची मोटार घेण्याइतके सधन आणि हौशी होते, त्यांना रेवात बसून मिरवण्यासारखे काही नव्हते. आणि ज्यांना मिरवायचे नव्हते, त्यांना ती परवडत नव्हती.

येथे थाटाची एक अडचण सांगितली पाहिजे, जी पेट्रोलच्या गाडीत एवढी बोचत नाही. समजा, गाडीत जड गुबगुबीत सीट बसवल्या, मोठाली चाके लावली, छताला काच लावली. पेट्रोलच्या गाडीत वजन वाढले तर ती थोडे जास्त पेट्रोल पिते. तो भार पुढे वर्षानुवर्षे मालक सोसतो आणि कारखानदार मोकळा होतो. विजेच्या गाडीत वजन वाढले की एका भरणीत कापायचे अंतर कमी होते, आणि अंतर हा तर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. ते भरून काढायला मोठी बॅटरी घालावी लागते; मोठी बॅटरी म्हणजे आणखी वजन. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तसे हे. विजेच्या मोटारीतली चैन कारखानदाराला दोनदा मोजावी लागते, एकदा तिच्या स्वतःच्या किमतीत आणि पुन्हा बॅटरीत. म्हणून हुशार अभियंता वाऱ्याचा अडथळा कमी करण्यामागे लागतो, कारण गाडीचा आकार गुळगुळीत करायला वजन लागत नाही. दीड कोटीच्या त्या ईक्यूएसचा मासोळीसारखा आकार केवळ शोभेसाठी नाही.

गंमत अशी की ह्या गाडीतली सर्वांत मोठी चैन फुकट मिळते. मोटारीतला थाट म्हणजे पूर्वी काय असे? इंजिनाची घरघर ऐकू येऊ नये, गियर बदलताना हिसका बसू नये, चढावर गाडी धापा टाकू नये. रोल्स-रॉइससारख्या कंपन्यांनी ह्यासाठी पिढ्यान् पिढ्या खर्च केल्या. विजेच्या मोटारीत इंजिन नाही, म्हणून घरघर नाही. बहुतेक गाड्यांत बदलायचे गियर नाहीत, म्हणून हिसका नाही. आणि मोटारीला पहिल्या क्षणापासून पुरा जोर मिळतो, म्हणून चढावर दम लागत नाही. आठ लाखांच्या गाडीत हे आहे आणि दीड कोटीच्या गाडीतही आहे. मात्र फुकटच्या ह्या शांततेला एक शेपूट असते. इंजिनाचा आवाज हे बाकीच्या आवाजांवरचे पांघरूण होते. ते निघाले की टायरची घरघर, खिडकीपाशी वाऱ्याची शीळ, पंख्याचा घोंघाट, सैल प्लॅस्टिकची करकर, सगळे ऐकू येऊ लागते. पेट्रोलच्या गाडीत खपून गेलेली स्वस्त प्लॅस्टिकची पट्टी विजेच्या गाडीत चुगली करते. तेव्हा इंजिनावर वाचलेल्या पैशांपैकी काही पैसा दाराच्या रबरावर, तळाच्या नमद्यावर, नीट बसणाऱ्या खिळपट्ट्यांवर खर्च करणे भाग पडते. असा खर्च डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतो.

(ही शांतता मुंबईच्या उपनगरातली. त्या उपनगरांना वीज पुरवणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून आमच्या डहाणूला आहे, आणि ते कोळशावर चालते. अंधेरीतल्या गाडीला धुराची नळी नाही असे म्हणण्यापेक्षा ती फार लांब आहे असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आता प्रत्यक्ष कात्री कुठे चालते ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको. एकट्या पुणे जिल्ह्यात ह्याचे तीन नमुने आहेत. रांजणगावला होणारी टाटांची विजेची नेक्सॉन २८ जानेवारी २०२० रोजी १३ लाख ९९ हजारांना बाजारात आली. तिच्यात टाटांनी नवी गाडी निर्माणच केली नाही. पेट्रोलच्या नेक्सॉनचाच सांगाडा घेतला, तेच पत्र्याचे साचे, तीच दारे, आणि ३०.२ युनिटांची बॅटरी तळाशी बसवली. पत्र्याच्या साच्यांचा खर्च फार मोठा असतो. तो आधीच वसूल होत होता. बॅटरीची जुळणी टाटा ऑटोकॉम्पची, चार्जर टाटा पॉवरचा. घरचीच भांडी, घरचीच चूल. बॅटरीतले रसायनही विचार करून निवडले. निकेल आणि कोबाल्ट हे महाग धातू टाळून लोह-फॉस्फेटचे घट घेतले. हे घट स्वस्त पडतात, जास्त वर्षे टिकतात आणि सहसा भडकत नाहीत. त्यांचा दोष एवढाच की तेवढ्याच विजेला ते थोडे जड असतात. काटकसरीचा इतका चांगला नमुना मला दुसरा आढळला नाही. पैसा वाचला आणि घेणाऱ्याचे काही गेले नाही, उलट सुरक्षितता वाढली.

चाकणला महिंद्रांनी निराळा मार्ग धरला. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनी दोन गाड्या दाखवल्या, बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. दोन्हींचा पाया नवा, खास विजेसाठी केलेला. नवा पाया म्हणजे प्रारंभी मोठी गुंतवणूक. पण एकाच पायावर दोन वेगळ्या चेहऱ्यांच्या गाड्या उभ्या केल्या की खर्च वाटला जातो. एक घडीव, टोकदार. दुसरी ऐसपैस, बसायला मोठी. पाहणाऱ्याला त्या दोन बहिणी वाटत नाहीत, आणि त्यातच काटकसरीचे कौशल्य आहे. इंजिनासाठी जागा सोडायची नसल्याने तळ सपाट झाला, पाय पसरायला जागा आली. ही जागा विजेच्या गाडीत जवळजवळ बिनखर्चाची चैन आहे. त्याच चाकणला मर्सिडीज आपल्या कोटीच्या गाडीची जुळणी करते. परदेशातून पूर्ण गाडी आणण्यापेक्षा सुटे भाग आणून इथे जोडले की आयातकर कमी पडतो. म्हणजे थाटाचा व्यापारीही काटकसर करतोच. फक्त ती जाहिरातीत सांगत नाही.

आणि आता त्या पडद्याविषयी. नव्या विजेच्या मोटारीत शिरताच पहिल्यांदा नजरेत भरतो तो मोठा काचेचा पडदा. एक्सईव्ही ९ई मध्ये असे तीन पडदे ओळीने आहेत. ईक्यूएसमध्ये तर काचेचा एकच पट्टा या दारापासून त्या दारापर्यंत, सुमारे एक मीटर एक्केचाळीस सेंटिमीटर. कॉमेटसारख्या लहान गाडीतही दोन पडदे. लोक त्याला ऐषआराम समजतात. पण हिशेब मांडून पाहा. पूर्वी एसीला एक बटण, पंख्याला एक, रेडिओला चार, आरशाला एक. प्रत्येक बटणाला साचा, रंग, दिवा, तांब्याची तार आणि ते बसवणारा कामगार. पडदा लावला की ही सगळी बटणे चित्रे होतात आणि चित्राला तार लागत नाही. पडदाही आता महाग राहिलेला नाही. थोडक्यात, ज्याला आपण थाट म्हणून जास्त पैसे देतो ती पुष्कळ अंशी कारखानदाराची काटकसर असते. टेस्लाने तर २०२३ साली आपल्या एका गाडीत दिशा दाखवणारी दांडीसुद्धा काढून टाकली आणि तिच्या जागी चाकावर बटणे दिली. पुढे ती दांडी परत आणावी लागली. चालत्या गाडीत पंखा कमी करण्यासाठी रस्त्यावरची नजर पडद्यावर न्यावी लागते, हा धोका युरोपच्या वाहन-सुरक्षा संस्थेच्याही ध्यानात आला. वळणाचे दिवे, वायपर, भोंगा अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणे नसतील तर पूर्ण गुण नाहीत, असा नियम तिने २०२६ पासून केला. बटण हा जुनाटपणा नव्हे, हे सांगायला नियम करावा लागला.

काही काटकसरी तर मुळी काटकसरी नसतातच. तो खर्च फक्त दुसरीकडे सरकवलेला असतो. कॉमेटला जादा चाक नाही, पंक्चर बुजवायचे सामान दिलेले आहे. शहरात ते भागेल. पावसाळ्यात आमच्या बाजूच्या खड्ड्यांत टायरची बाजूच फाटली, तर ते सामान काय करणार? महिंद्रांच्या गाडीच्या त्या १८ लाख ९० हजारांत घरी बसवायचा चार्जर धरलेला नव्हता. त्याचे ५० हजार किंवा ७५ हजार वेगळे. एमजीची विंडसर ही गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती ९ लाख ९९ हजारांना, आणि बॅटरी भाड्याने : किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट तीच गाडी साडेतेरा लाखांची. फरक साडेतीन लाखांचा. साडेतीन रुपयांनी भागले की एक लाख किलोमीटर होतात. म्हणजे लाखभर किलोमीटरपर्यंत भाडे स्वस्त, त्यापुढे मालकीच बरी (व्याजाचा हिशेब सोडून). ह्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. हिशेब उघड आहे. ज्याच्यापाशी एकदम तेरा लाख नाहीत, त्याला ह्यामुळे मागे रेलून बसता येणाऱ्या सीटची गाडी मिळते. पण जाहिरातीतला मोठा आकडा दहा लाखांच्या आत दिसावा, यासाठी ही सारी मांडणी आहे हेही उघड आहे.

एका जागी मात्र कात्री लागूच नये असे मला वाटते, आणि त्याबाबत आमच्या तालुक्याला देशभर ओळख मिळाली ती दुःखद कारणाने. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी, महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज होती. सुरक्षेच्या साधनांत कसलीही कमतरता नसलेली. मागच्या सीटवर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे स्नेही असे दोघे मृत्यू पावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते असे तपासात पुढे आले. महागड्या गाडीतल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक म्हणजे तो पट्टा. त्याच वर्षी मोटारीत सहा हवेच्या पिशव्या सक्तीच्या करण्याचा विचार सरकारने चालवला होता. एका पिशवीला ८०० रुपये पडतात असे मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत सांगितले. स्वस्त गाड्या महाग होतील असे कारखानदारांनी म्हटले. सक्ती आधी वर्षभर पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती करणार नाही असे गडकरींनीच जाहीर केले. त्याऐवजी १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना आदळून तारे देण्याची भारतीय पद्धत सुरू झाली. विजेची नेक्सॉन आणि विजेची पंच यांना २०२४ मध्ये, आणि महिंद्रांच्या त्या दोन्ही गाड्यांना जानेवारी २०२५ मध्ये पाच तारे मिळाले. काटकसरीच्या गाडीलाही पाच तारे मिळू शकतात हे त्यातून सिद्ध झाले, ही मोठीच गोष्ट. पण परीक्षा ऐच्छिक आहे. वर्गात हात वर करणाऱ्यालाच प्रश्न विचारायचे, असा हा प्रकार झाला.

सरकारचा विषय निघालाच आहे तर कराबद्दल दोन शब्द. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलातही तो तसाच राहिला. आठ लाखांच्या गाडीलाही ५ टक्के आणि दीड कोटीच्या गाडीलाही ५ टक्के! १० मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला गेला, तो महिना संपायच्या आत मागे घेण्यात आला. विजेच्या गाड्यांचा प्रसार व्हावा म्हणून सवलत, हे पटते. परंतु तीस लाखांच्या वर गाडी घेणारा ६ टक्क्यांसाठी पेट्रोलकडे परत जाईल ही भीती मला पटत नाही. तो पैसा लहान गाडीच्या बॅटरीवर खर्चला असता तर किती गाड्या आवाक्यात आल्या असत्या, हे गणित कुणीतरी करायला हवे.

कारण मुद्दा शेवटी कोणत्या हातात गाडी जाते ह्याचा आहे. आमच्या कैनाडकडे नवी कोरी चारचाकी क्वचित येते. येते ती मुंबई-ठाण्यात आठ-दहा वर्षे वापरून झालेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची. पेट्रोल-डिझेलच्या अशा गाड्या इथे आणखी दहा वर्षे चालतात, कारण गॅरेजवाला इंजिन उघडतो, एक भाग बदलतो, झाकण लावतो. विजेच्या गाडीला असे दुसरे आयुष्य मिळेल की नाही हे आज, तिची रचना करतानाच ठरत असते. बॅटरीत लहान लहान घट असतात. पूर्वी दहा-वीस घटांचे एक खोके आणि अशा खोक्यांची मिळून बॅटरी, अशी रचना असे. एखादे खोके बिघडले तर तेवढे काढता येई. आता खर्च आणि वजन वाचवण्यासाठी मधली खोकी काढून घट थेट मोठ्या पेटीत चिकटवून बसवण्याकडे कल आहे. पहिल्या मालकाला त्याचा लाभ होतो; गाडी स्वस्त मिळते आणि जास्त पळते. तिसऱ्या मालकाला मात्र एक घट गेला तर सगळी पेटी बदला असे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. कंपन्यांनी अलीकडे बॅटरीची 'आजन्म हमी' सुरू केली आहे, तिच्यातही आजन्म म्हणजे पहिल्या मालकाचे. गाडीने हात बदलला की मुदतीची मर्यादा लागू होते. पडद्याचेही तेच. बटण तुटले तर कुणीही बसवील. पडदा गेला तर एसी, दिवे, आरसे सारेच गेले.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या त्या पहिल्या नेक्सॉनच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी होती. २०२८ पासून ती एकेका गाडीची संपत जाईल, आणि मग त्या गाड्या स्वस्त होऊन महामार्गाने आमच्या बाजूला येऊ लागतील. कासा किंवा चारोटीच्या गॅरेजात तोवर कुणी ती पेटी उघडायला शिकलेला असेल, आणि कंपनीने त्याला सुटा भाग विकायची तयारी ठेवलेली असेल, तर त्या इथे पुन्हा दहा वर्षे धावतील.